विस्मृतीतील तबकडी

१९७० च्या दशकात मुंबईत ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा तरुणांचा वाद्यवृंद होता. विलायती ‘सायकेडेलिक’ रॉकसंगीताचा, विद्युत्-गिटारीच्या घुमत्या, उन्मनी नादाचा त्यांना छंद. त्यांची ‘ऑब्सेशन’ ही ध्वनिमुद्रिका १९८१ साली निघाली, तेव्हा वृंद विखुरला होता. ती कोणाच्या फारशी कानी पडली नाही. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतील ‘नाउ-अगेन’ या संस्थेने ती पुन्हा काढली आणि ती परदेशी रसिकांपर्यंत पोचली. जुनी तबकडी टिकली, म्हणूनच हे साधले.

आपल्या सीमाभागात, मेहकरसारख्या गावी, कोणाच्या घरी शाहिरांच्या वा भजनी मंडळ्यांच्या जुन्या फिती असतील, तर त्या मोडीत घालू नयेत. गाणाऱ्याचे नाव, गाव व साल त्यांवर अवश्य लिहून ठेवावे. गाणारा गेल्यावर ते सांगणारे कोणी उरत नाही.