पुस्तक मिटा, मग लिहा
(गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)

दहावीच्या मुलांनो,

धडा पाच वेळा वाचला की ओळखीचा वाटतो; पण ओळखीचा वाटणं म्हणजे येणं नव्हे. म्हणून एकदा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा. सुटलेलं तेवढंच पुन्हा वाचा. दोन दिवसांनी, मग आठवड्याने परत लिहून बघा.

बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा, वेळ २ तास. म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं. घरीही घड्याळ लावूनच सोडवा.

पालकांनो, "किती टक्के पडतील?" यापेक्षा "आज न बघता काय लिहिलंस?" हे विचारा.

आणि कमिटीला विनंती: वन रूम किचनमधल्या मुलांना शांत कोपरा मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीचा हॉल संध्याकाळी अभ्यासासाठी उघडा ठेवावा. रौप्यमहोत्सवाची ती खरी भेट ठरेल.