आजीची पाठ, नातवाची कंबर

(इंग्लंडमधल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी संमेलनातील व्याख्यान. श्रोत्यांनी मध्येच विचारलेले प्रश्न आणि त्यांमुळे फुटलेले फाटे तसेच ठेवले आहेत.)



तुमच्या कार्यवाहांनी निमंत्रणाबरोबर चार ओळींत अडचणही कळवली होती. मंडळातल्या काही घरांत तेरा ते अठरा वर्षांची मुलं कंबरदुखीमुळे खेळ सोडून बसली आहेत. एक जण वेगवान गोलंदाजी करतो, एक रोइंग करतो, एक मुलगी जिम्नॅस्टिक्स करते. "तुम्ही कर्जत-खालापूरकडे कबड्डीची पोरं बघता, त्यांच्याबद्दलच बोला, आम्ही त्यातून आमचं घेऊ," असं त्यांनी लिहिलं. ही मुलं मी तपासलेली नाहीत, तेव्हा त्यांचं निदान इथून सांगणार नाही. पण कंबर धरलेल्या पोराला मैदानावर परत कसं न्यायचं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यातलं तुमच्या उपयोगी पडेल ते द्यायला आले आहे.

कर्जत कुठे आणि खोपोली लोकल किती वेळाने सुटते, हे तुम्हाला सांगायला नको. कबड्डीचे नियमही नकोत. फक्त हंगाम लक्षात घ्या. भात घरात आलं, शेतं सुकली, की गावोगाव मैदानं आखली जातात, आणि दिवाळीनंतर थेट मे महिन्यापर्यंत प्रकाशझोतातल्या एकदिवसीय स्पर्धा चालतात. पहिली फेरी ते अंतिम सामना, सगळं एका रात्रीत. संघ चांगला असेल तर चार सामने होतात आणि शेवटचा संपेपर्यंत पहाट होते. मग घामेजल्या अंगाने मोटरसायकलवर तिघं बसून गतिरोधक मोजत घरी.

अशा एका रविवारनंतर खोपोलीकडच्या एका गावातला मुलगा काकांबरोबर आला. वय सोळा, डावा कोपरा खेळतो. पायातली पकड करताना चढाईवाल्याने जोरात ओढ घेतली आणि याच्या कमरेत चमक भरली. दवाखान्याबाहेर काढलेली चप्पल वाकून सरळ करता येईना, म्हणून त्याने ती पायाच्या बोटांनीच ओढून घेतली. काका मला म्हणाले, "ताई, याची आजी साठी उलटेपर्यंत लावणीला दिवसदिवस वाकून होती. तिची पाठ कधी दुखली नाही. आणि हा एका पकडीत आडवा."

या तुलनेचा मला फार राग येतो. आज चहाच्या वेळी इथेही ती ऐकली: आम्ही विहिरीचं पाणी ओढलं, ही मुलं नाजूक. म्हणून आज तिच्यावर जरा जास्त वेळ घेणार आहे.

आजीची पाठ दुखली नाही, हे मुळातच खरं नाही. जुलैत लावणी आटोपली की ऑगस्टमध्ये माझ्याकडे बायकांची रांग लागते. कर्जत, कडाव, कशेळे, चौक, सगळीकडून. त्या आजीच्या काळी असा दवाखाना नव्हता. पदर कमरेला आवळायचा, रात्री तेल चोळायचं आणि पहाटे परत चिखलात उतरायचं. तिने सांगितलं नाही, आणि घरात कुणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट भाराची. लावणी डोळ्यांसमोर आणा. डाव्या हातात रोपांची मूठ, पाठीवर इरलं, पाय फाकलेले, आणि बाई मागे सरकत सरकत रोपं टोचते आहे. हालचाल एकच, संथ. तिने ती दहाव्या-बाराव्या वर्षापासून केलेली असते. बाकीचे महिनेही अंग रिकामं नसतं: डोक्यावर पाणी, जळणाच्या मोळ्या, भाताची झोडणी. भार वाढला तो वर्षावर्षाने वाढला. नातवाचं उलट. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली, म्हणून चार महिने सराव नाही. या वयात वर्षभरात उंची झपाट्याने वाढते, हाडं लांबतात आणि मांडीच्या मागचे स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. असं ताठ अंग घेऊन तो दिवाळीनंतरच्या पहिल्याच शनिवारी चार सामने खेळतो. वाकायचं, पिळायचं, समोरच्याचं पूर्ण वजन अंगावर घ्यायचं, तेही पहाटे तीन वाजता. यात नाजूकपणा कुठे आला?

(एका काकांनी विचारलं: मग क्रिकेटचं काय?) तेच. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांसाठी वयाप्रमाणे मर्यादा घालून दिल्या आहेत, एका स्पेलला किती षटकं आणि दिवसाला किती. तुमच्या मुलांच्या क्लबात ती यादी असायला हवी, मागून घ्या. पण मुलगा शाळेकडून, क्लबाकडून आणि जिल्ह्याकडून खेळत असेल तर तिन्हीकडची बेरीज कोण करतं? ती घरी करावी लागते. आमच्या गावच्या स्पर्धेत तर मोजणाराच नसतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मोठ्या माणसाची कंबर धरली तर बहुतेक वेळा ती स्नायूची उसण असते किंवा चकतीचं दुखणं असतं. वाढत्या वयातल्या खेळाडूचं तसंच असेल असं धरून चालू नका. बोस्टनमध्ये झालेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. पाठदुखी घेऊन आलेल्या १०० किशोरवयीन मुलांची तुलना १०० प्रौढांशी केली होती. मुलांपैकी ४७ जणांच्या मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला ताणाने चीर गेलेली निघाली, प्रौढांत असे फक्त ५. निव्वळ स्नायूचं दुखणं मुलांत ६ जणांना होतं, प्रौढांत २७ जणांना. ही मुलं विशेष तज्ज्ञांपर्यंत पोहोचलेली होती, म्हणून गावातल्या प्रत्येक पोराला हा आकडा लावता येणार नाही. तरी मुलाला "लचक भरली असेल" म्हणून महिनाभर घरी चोळत ठेवणं किती धोक्याचं आहे, ते यातून दिसतं.

ओळखायचं कसं? मी मुलाला एका पायावर उभं करते आणि मागे झुकायला सांगते. पुढे वाकताना दुखलं तर मला तितकीशी काळजी वाटत नाही. मागे झुकताना, त्यातही एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं तर मी त्याचा खेळ थांबवते आणि डॉक्टरांकडे पाठवते. या एका तपासणीने निदान होत नाही, संशय मात्र येतो. गोलंदाज, जिम्नॅस्ट आणि डॅश मारणारा कबड्डीपटू, तिघंही कमरेतून मागे वाकतात, जोराने आणि पुन्हापुन्हा. दोन-तीन आठवड्यांत दुखणं उतरलं नाही तरी तपासणी हवीच. चीर नवी असताना साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, एमआरआयत दिसते. त्यासाठी आमच्या पोरांना पनवेल-नवी मुंबई गाठावी लागते आणि एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून घरचे टाळतात. तुमच्याकडे वाट बघावी लागते, पण सोय आहे.

(एका ताईंनी विचारलं: आम्ही मुलीला भुजंगासन सुरू केलं आहे, चालेल ना?) हा प्रश्न आला ते फार बरं झालं. पाठ दुखली की भुजंगासन, हे आपल्याकडे घराघरात ठरलेलं आहे. चिरेचा संशय असेल तर मागे वाकण्याची सगळी आसनं बंद, सूर्यनमस्कारातलीही. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर आजपासूनच बंद ठेवा आणि आधी तपासून घ्या.

(पायाळू माणसाचा पाय लावण्याबद्दलही कुणीतरी विचारलं.) आमच्याकडे अजून लावतात. उसण भरली की पायाळू शोधतात, तो कमरेवर हलकेच पाय टेकवतो. नुसता स्पर्श असेल तर मी वाद घालत नाही, कारण घाबरलेल्या पोराला आणि त्याच्या आईला धीर येतो. पण लाथ मारणं, पाठीवर उभं राहणं, कडकडा मोडणं, हे वाढत्या मणक्यावर कुणालाही करू देऊ नका.

त्या डाव्या कोपऱ्याकडे परत येते. त्याची उसणच होती. मागे झुकताना दुखत नव्हतं, पायात मुंग्या नव्हत्या, ताप नव्हता. काकांनी त्याला पंधरा दिवस पाटावर झोपवायचं ठरवलं होतं. मी तिथेच चालायला लावलं. हेलसिंकीतल्या १८६ नगरपालिका कर्मचाऱ्यांवर झालेली एक चाचणी १९९५ सालीच प्रसिद्ध झाली होती. काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितलं. सगळ्यात लवकर बरे झाले ते तिसरे. ते प्रौढ होते, पण साध्या लचकीत मुलांनाही पडून ठेवू नये हा माझा अनुभव त्याला जुळतो. पहिले दोन-तीन दिवस शेक, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, गोळी डॉक्टरांनी दिली तरच, आणि दिवसातून पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं. पट्टा बांधून खेळायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात वाकायचं कसं हे शिकवायचं होतं. पोरगं कमरेतून गोल होऊन वाकायचं, माझं ऐकून मान हलवायचं आणि परत तसंच करायचं. मग मी आजीलाच बोलावलं. त्या आल्या, लुगड्याचा काष्टा सावरला, पाय फाकवले आणि लावणीला वाकतात तशा वाकल्या. गुडघे किंचित सैल, कुल्ले मागे, पाठ पाटीसारखी सपाट, आणि घडी पडली ती खुब्यात. नातवाच्या खुब्यावर बोटं दाबून म्हणाल्या, "हितनं वाक, माजनातनं नको." अर्ध्या तासात त्याला जमलं. कोपरारक्षकाने पकडीला जसं बसायला हवं, तेच हे वाकणं. आजी आणि नातू यांची तुलना करायचीच असेल तर ती अशी करा. मला या तुलनेचा राग येतो, आणि तिच्यातला हा भाग मला तितकाच आवडतो.

पुढचं थोडक्यात. उताणं झोपून कुल्ले उचलणं, रांगण्याच्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांब करणं, कुशीवर कोपर टेकून अंग उचलून धरणं. तिसऱ्या आठवड्यात हलकं धावणं, मग दिशा बदलत धावणं. चौथ्यात एकट्याने पदन्यास. पकड त्यानंतर, आधी हलक्या जोडीदाराबरोबर, आणि डॅश सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर जास्त ताठली तर एक पायरी मागे. चीर असेल तर हे वेळापत्रक लागू नाही. तिथे साधारण तीन महिने खेळ बंद, आणि परतही हळूहळूच. जसप्रीत बुमराहची आठवण ठेवा. २०१९ मध्ये कमरेला ताणाची चीर, २०२२ मध्ये तोच त्रास आणि ट्वेन्टी-२० विश्वचषक हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया, ऑगस्टमध्ये आयर्लंडात पुनरागमन. सगळ्या सोयी हाताशी असलेल्या माणसाची ही गोष्ट.

(मागून एकांनी आठवण करून दिली: पण सचिन तर चेन्नईत दुखऱ्या पाठीने खेळला.) हो, १९९९, पाकिस्तानविरुद्ध, २७१ चं लक्ष्य, त्याच्या १३६ आणि आपण १२ धावांनी हरलो. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तो पंचवीस वर्षांचा होता, देशाकडून कसोटी खेळत होता आणि निर्णय त्याचा होता. पंधरा वर्षांच्या मुलाला तो डाव उदाहरण म्हणून सांगू नका. या वयाची मुलं दुखणं लपवतात. त्यांना संघातली जागा जाण्याची भीती असते.

एक गोष्ट राहू नये म्हणून सांगते. आमच्याकडे किशोर आणि कुमार गटांना वजनमर्यादा असते. वजन बसवायला पोरं दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पाणी तोडतात, आणि तशीच मैदानात उतरतात. अशा अंगाची पकड चुकते आणि कंबर जाते. रोइंगमध्येही हलक्या वजनाचा गट असतो, तेव्हा ज्याचा मुलगा वल्हवतो त्याने घरी विचारून पाहावं.

आणि ज्यात थांबायचंच नाही ते: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन घटणं. आमच्या भागात अशा वेळी मणक्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो, आणि तुमची मुलं सुट्टीत गावी राहून येतात. पायातली ताकद कमी होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय.

शेवटी एक मागणं. तुमच्यापैकी बरेच जण गावच्या कबड्डी स्पर्धेला चषक आणि बक्षिसाची रक्कम पाठवता. मंडपात तुमचं नाव लाउडस्पीकरवर घेतलं जातं, ते मी ऐकलं आहे. यंदा पैसे पाठवताना आयोजकांना दोन अटी लिहा: सोळा वर्षांखालच्या मुलाला एका रात्रीत दोनपेक्षा जास्त सामने खेळवायचे नाहीत, आणि मुलांचे सामने रात्री दहाच्या आत संपवायचे. आम्ही तिथे राहून सांगतो ते ऐकलं जात नाही. बक्षीस देणाऱ्याचं ऐकतात. दिवाळीच्या आत पत्र गेलं पाहिजे.