रेंज गेली म्हणून हजेरी जाऊ नये



हा तंत्रज्ञानाचा विषय आपल्या व्यासपीठावर कशासाठी, असे काहींना वाटेल. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा छायाचित्र घेऊन मोबाइलवरून हजेरी नोंदविण्याची सक्ती झाली, तेव्हाच हा विषय मजुरीचा झाला.

मोबाइलवरून माहिती जाते ती लहान लहान पाकिटांत. १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे जाळ्यावर एवढी गर्दी झाली की सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: पाकीट हरवले की वाटेवर गर्दी आहे असे समजून पाठविणाऱ्याने वेग कमी करावा. तारांच्या जाळ्याला हा नियम तारक ठरला. परंतु बिनतारी दुव्यावर पाकीट गर्दीमुळेच हरवते असे नाही. डोंगर आड येतो, लहरी क्षीण होतात. तेथे वेग कमी करणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे. म्हणून टॉवर व फोन यांच्यामध्येच हरवलेला तुकडा तत्काळ पुन्हा पाठविण्याची व्यवस्था आली. गूगलने २०१६ मध्ये मांडलेल्या ‘बीबीआर’ पद्धतीत तर वाटेची क्षमता आणि लागणारा वेळ मोजून वेग ठरविला जातो.

शास्त्राने आपले गृहीत तपासले. शासनाने ते का तपासू नये? छायाचित्र पोहोचले नाही, याचा अर्थ मजूर आला नाही असा होत नाही. फोनची प्रक्षेपणशक्ती टॉवरपेक्षा कितीतरी कमी असते. म्हणून दुर्बल दुव्यावरून माहिती घेण्यापेक्षा पाठविणे अधिक कठीण. त्याची शिक्षा उन्हात माती उपसणाऱ्या बाईला कशासाठी?

हजेरीची यंत्रणा असो वा रेशनची, आपल्या मागण्या साध्या आहेत. छायाचित्राचा आकार लहान असावा. प्रेषण तुटले तर तुटल्या ठिकाणापासूनच ते पुढे सुरू व्हावे. आणि नोंद पोहोचेपर्यंत कागदावरील हजेरीपट ग्राह्य धरावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा टॉवर लागत नाही. टॉवरसाठी भांडायचे ते वेगळे. ग्रामीण दूरसंचारासाठी सार्वजनिक निधी आहेच, त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे.

महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य केला. तो हक्क रेंजवर अवलंबून ठेवता येणार नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी एक वही ठेवावी: कोणत्या दिवशी, कोणत्या कामावर, किती वेळ रेंज नव्हती, आणि खाली मजुरांच्या सह्या वा अंगठे. ग्रामसभेत ती वही उघडली की अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल.