बारा गाड्यांचा हिशेब

नगराच्या एका टोकाला, जेथे वस्ती विरळ आणि रस्ते अर्धवट, तेथे तासाभराने एक बस येते. तिच्यात चार-दोन माणसे असतात. त्याच वेळी भरवस्तीतील हमरस्त्यावर माणसे दाटीवाटीने उभ्याने प्रवास करीत असतात. टोकाची ती गाडी काढून हमरस्त्यावर आणावी काय? हिशेबनीस म्हणेल, अवश्य आणावी. परंतु त्या चार-दोन माणसांत रुग्णालयात निघालेली एखादी वृद्धा असेल, तर तिला दुसरे वाहन नाही. बसमार्गांच्या आखणीतील सारा पेच या एका प्रश्नात सामावलेला आहे.

साध्या अंकगणितानेही तो उलगडून दाखविता येतो. एखाद्या नगराजवळ बारा गाड्या आहेत आणि कोणत्याही मार्गावर जाऊन येण्यास एक तास लागतो, असे धरावे. बारा रस्त्यांवर एकेक गाडी सोडली, तर कोणतीही वस्ती वंचित राहत नाही. मात्र एक गाडी चुकली की तासभर तिष्ठत बसावे लागते. त्याच गाड्या दाट वस्तीच्या तीन रस्त्यांवर चालविल्या, तर दर पंधरा मिनिटांनी गाडी मिळते. वेळापत्रकाची गरज उरत नाही, प्रवासी वाढतात. पण नऊ रस्ते ओस पडतात. पहिली व्यवस्था सर्वांपर्यंत पोहोचते, दुसरी पुष्कळांच्या उपयोगी पडते. हेतू दोन्ही चांगलेच. परंतु एक गाडी एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन नगराने या पेचाला उघडपणे तोंड दिले. तेथील अनेक मार्ग मध्यवर्ती पेठेकडे धावणारे होते. नगर मात्र चहूकडे पसरले होते आणि नोकऱ्यांची नवी केंद्रे इतरत्र उभी राहिली होती. आराखड्याच्या कामी जॅरेट वॉकर हे वाहतूकतज्ज्ञ सल्लागार होते. तज्ज्ञाने पर्याय मांडावेत, निवड मात्र लोकांच्या वतीने कारभार पाहणाऱ्यांनी करावी, अशी त्यांची भूमिका आहे. त्याप्रमाणे परिवहन मंडळाने आकडा ठरविला: शंभरातील ऐंशी भाग सेवा जेथे प्रवासी अधिक मिळतील तेथे, आणि वीस भाग विरळ वस्त्यांसाठी.

१६ ऑगस्ट २०१५ रोजी जुनी मार्गरचना एका दिवसात बदलली. नव्या नकाशावर लाल रेघ म्हणजे दर पंधरा मिनिटांनी गाडी, निळी म्हणजे अर्ध्या तासाने, हिरवी म्हणजे तासाने. मार्ग पुष्कळसे उभे-आडवे, सोंगट्यांच्या पटासारखे आखले गेले. वाटेत गाडी बदलावी लागे. पण दुसरी गाडी लवकर मिळणार असेल, तर तो त्रास सुसह्य होतो. लाल मार्गांवर शनिवारी-रविवारीही तीच तत्परता ठेवण्यात आली. दुकानांत, उपाहारगृहांत आणि रुग्णालयांत राबणाऱ्यांना रविवार सुट्टीचा नसतो. पुढील काळात सुट्टीच्या दिवशीची प्रवासीसंख्या विशेष वाढली, यात नवल नाही.

तथापि या यशाला किंमत होतीच. ईशान्येकडील विरळ आणि गरीब वस्त्यांतून आराखड्याविरुद्ध तक्रारी उठल्या. ज्यांच्या दारची गाडी हलणार, त्यांचे ते गाऱ्हाणे खोटे नव्हते. परंतु त्यांना निदान एवढे ठाऊक होते की वाद कशाबद्दल आहे आणि तो कोणापुढे मांडावयाचा.

ऐंशी आणि वीस हे प्रमाण सर्वत्र लागू पडेल असे नाही. एखादे नगर निम्मे-निम्मे वाटप करील, आणि तेही न्याय्य ठरू शकेल. अनुकरण करण्याजोगी गोष्ट आकडा नव्हे, तर तो जाहीरपणे सांगण्याचे धैर्य होय. जेथे असा आकडा सांगितला जात नाही, तेथेही वाटणी होतेच. फक्त ती कोणी केली हे कळत नाही. एखाद्या तक्रारीसाठी मार्ग लांबविला जातो, एखाद्या तोट्यासाठी फेरी कापली जाते, आणि अखेर हमरस्त्यावरील गर्दी व टोकाची वस्ती दोन्ही असंतुष्ट राहतात.

टोकाच्या थांब्यावर उभ्या असलेल्या त्या वृद्धेला गाडी दर पंधरा मिनिटांनी मिळणार नाही. पण आपली गाडी कोणत्या वाट्यातून येते आणि तो वाटा कोणी ठरविला, हे जाणण्याचा तिचा अधिकार कोणत्याही हिशेबात वजा होता कामा नये.