ठळक न छापलेला आकडा



डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894मध्ये इथं मिरजेत रुग्णालय उघडलं. तेव्हापासून "एकदा मिरजेला दाखवून येऊ" असं म्हणत माणसं दूरदूरच्या गावांहून इथल्या स्टेशनवर उतरत आली आहेत. त्या विश्वासाच्या गावात आज आपण डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळेतले सहकारी आतड्याच्या दाहाबद्दल, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्सबद्दल बोलायला जमलो आहोत. निदान नुकतंच झालेल्या पेशंटमधला ॲनिमिया हा आजचा पहिलाच विषय आहे. तो पहिला ठेवावा, हा आग्रह माझा होता. का, ते सांगतो.

मी पॅथॉलॉजिस्ट. एका कॉलेजकन्येचं रक्त माझ्याकडे तीन वर्षं येत होतं. हिमोग्लोबिन 10.8, मग 9.6, मग 8.4. स्लाइडवर दर वेळी तेच चित्र: मधोमध फिकट पडलेल्या छोट्या तांबड्या पेशी आणि अधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबट. मी दर वेळी लिहिलं, "लोहाची कमतरता दिसते." लोह जातंय कुठं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे, असं 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. इतकी मोठी संख्या रोज डोळ्यांपुढं असली, की एकेकीचं कारण शोधायची सवय सुटते. पाळीचं आहे, खाण्याचं आहे, गोळ्या घे. शौचातून रक्त जातं हे ती संकोचानं आईलाच बोलली होती, आणि घरात त्याला मूळव्याध म्हणून मोडीत काढलं गेलं.

शेवटी कोलनोस्कोपी झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस. औषधं सुरू झाली, शौचाच्या खेपा कमी झाल्या, सगळ्यांना हायसं वाटलं. पण मुलगी जिना चढताना निम्म्यावर थांबायची. तेव्हा फेरिटिन तपासायला आलं. आकडा 68. माझ्या छापील रिपोर्टात कमी-जास्त आकडे ठळक छापले जातात. 68 नॉर्मलच्या हद्दीत, म्हणून साध्या अक्षरात गेला. "लोह पुरेसं आहे," असा त्याचा अर्थ घेतला गेला.

तो अर्थ चुकीचा होता. दाह असला की फेरिटिन आपोआप वर चढतं. दाह नसताना 30च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. दाह असताना 100पर्यंतही कमतरता असू शकते. तिचं ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन नंतर पाहिलं, ते अवघं 9 टक्के भरलं. दाह दाखवणारा सीआरपी चढलेलाच होता.

हिशेब साधा आहे. निरोगी रक्ताच्या एका मिलीलीटरमध्ये सुमारे अर्धा मिलीग्रॅम लोह असतं. चमचाभर रक्त गेलं की अडीच मिलीग्रॅम गेलं, आणि अन्नातून रोज शोषलं जातं ते जेमतेम एक ते दोन. त्यात दाह असला की यकृत हेप्सिडिन जास्त तयार करतं. त्यानं आतड्यातून लोह रक्तात येण्याची वाट बंद होते, साठ्यातलं लोहही अडकून पडतं. म्हणजे गोळी पोटात जाते, पण लोह शरीराला लागत नाही. शौच मात्र काळी होते, आणि पेशंट घाबरतो ते वेगळंच. म्हणून रोग जोरात असेल किंवा हिमोग्लोबिन 10च्या खाली असेल, तर लोह शिरेतून द्यावं. रोग शांत आणि ॲनिमिया सौम्य असेल, तर गोळी चालते. या मुलीला आठवड्याच्या अंतरानं 1000 आणि 500 मिलीग्रॅम दिलं. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन 8.4वरून 10.9 झालं.

क्रोन्समध्ये आणखी एक फसगत होते. लहान आतड्याचं शेवटचं टोक दुखावलं की बी-12 शोषलं जात नाही. एकीकडं लोहाअभावी लहान पेशी, दुसरीकडं बी-12अभावी मोठ्या. सरासरी काढली की एमसीव्ही अगदी नॉर्मल. यंत्रावर विसंबू नका, स्लाइड बघायला सांगा. तो अधिकार तुमचा आहे आणि ते काम आमचं.

त्या मुलीनंतर मी एक केलं. सीआरपी वाढलेला असेल, तर फेरिटिनच्या आकड्याखाली एक ओळ टाइप होते: "दाह असल्याने हा आकडा फसवा असू शकतो, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहावे." आपल्या भागातल्या प्रत्येक प्रयोगशाळेनं ही ओळ घालावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आणि निदान झालं त्याच दिवशीच्या कागदावर हिमोग्लोबिन, फेरिटिन, सॅच्युरेशन आणि सीआरपी एकत्र लिहा, ही दुसरी.

शेजारच्या खोलीत दोन सूक्ष्मदर्शकं मांडली आहेत. तिच्या परवानगीनं एकाखाली तिची पहिली स्लाइड ठेवली आहे, दुसऱ्याखाली गेल्या महिन्यातली. जेवणाला जाण्याआधी दोन्ही बघून जा. आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती करतो.