मनगटावरचा पट्टा आणि वाटीतले चिंचोके

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला विषय मी निवडलेला नाही. दिवाळीत मी आपल्या ग्रुपवर एक फोटो टाकला, त्याखाली फराळाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, सगळ्यांनी एकच विचारलं, "अगं, कसं केलंस?" संयोजकांना वाटलं, हिने एकदाच काय ते सांगून टाकावं. मी डॉक्टर नाही. आपल्या तुकडीतले डॉक्टर पुढच्याच रांगेत बसलेत, ते खोकायला लागले तर समजा माझं काहीतरी चुकतंय. मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे मला खात्रीने बोलता येईल ते यंत्रांबद्दल. ज्यांच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा किंवा घड्याळ आहे त्यांनी जरा हात वर करा बघू. अर्ध्याहून जास्त! आणि सरांच्याही हातात आहे.

बाईंना आठवत असेल, मी आकड्यांवर धावणारी मुलगी होते. गणिताच्या वहीत दहापैकी दहा आणि पुढे लाल चांदणी मिळाली की दुसऱ्या दिवशी न सांगता दुप्पट गणितं सोडवून आणायची. पीटीच्या तासाला चांदणी नव्हती, म्हणून मी पोटात दुखतंय सांगून चिंचेखाली बसायची. सर, ते पोट एकदाही दुखत नव्हतं. आज माफी मागते.

पुढची पंचवीस वर्षं मी खुर्चीत काढली. जानेवारी २०२२मध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा अहवाल आला: उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७८.४ किलो, तीन महिन्यांची साखर सांगणारं एचबीएवनसी ६.२. ५.७पासून ६.४पर्यंत मधुमेहाचा उंबरठा धरतात, म्हणजे मी उंबऱ्यावरच उभी होते. माझ्या वडिलांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखायचे. त्यांचं शेवटचं दीड वर्ष डायलिसिसवर गेलं, तेही मधुमेहापायी. तो अहवाल मी नवऱ्यालासुद्धा चार दिवस दाखवला नाही.

पाचव्या दिवशी पट्टा मागवला. पहिले दोन महिने मी हवेत होते. लिफ्ट सोडली, जेवण झाल्यावर इमारतीभोवती फेऱ्या, मीटिंग चालू असताना घरभर येरझाऱ्या. रात्री दहा हजार पूर्ण झाले की मनगट थरथरायचं आणि पडद्यावर फटाके उडायचे. ती बाईंची लाल चांदणीच होती.

पण इंजिनिअर असल्यामुळे आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय चैन पडेना. या पट्ट्याला पावलं दिसत नाहीत. आत एक बारीकशी चिप असते, तिला फक्त हलणं कळतं, आणि त्या हलण्याची लय चालण्यासारखी वाटली की ती पाऊल मोजते. त्यामुळे आमच्या घरी वीस चपात्या लाटल्या की माझी चारशे-पाचशे पावलं उभ्या जागी व्हायची. उलट दुकानात दोन्ही हातांनी ट्रॉली ढकलत अर्धा तास फिरले तर पावलं जवळजवळ शून्य. मागच्या बाजूचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची धडधड बघतो, ते काम तो बऱ्यापैकी करतो. कॅलरीचं मात्र अंदाजपंचे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७मध्ये अशी सात यंत्रं तपासली. कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात चांगल्याची चूक २७ टक्के होती आणि सगळ्यात वाइटाची ९३. आणि मी? पट्टा म्हणाला "आज ४०० जास्त जाळल्या" की मी तेवढ्याचा वडापाव खाऊन हिशोब मिटवत होते.

दहा हजार हा आकडाही कुठल्या वैद्यकाच्या ग्रंथातून आलेला नाही. टोकियोचं ऑलिंपिक झालं १९६४ला. दुसऱ्या वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलं मोजणारं. नाव गोड, आकडा गोल, बसला डोक्यात. पुढे २०१९मध्ये अमेरिकेत आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास १७ हजार वयस्क बायकांची पावलं मोजली. रोज साधारण ४,४०० चालणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५००च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. आपल्या बाई आणि सरांसाठी हा आकडा मी मुद्दाम सांगतेय. ४,४०० म्हणजे साधारण पाऊणएक तास, तोही तुकड्या-तुकड्यांत चालेल.

वजनकाट्याने तर मला रडवलं. आदल्या दिवशी मन मारून राहावं आणि सकाळी काटा ८०० ग्रॅम जास्त दाखवावा. लोणचं जास्त खाल्लं, पाळी जवळ आली, शौचाला झालं नाही, काहीही पुरतं. किलो-दीड किलो तर नुसतं पाणीच इकडचं तिकडे होतं. चरबी एका रात्रीत एवढी वाढत नाही हे डोक्याला कळतं, पण काट्यावर उभ्या असलेल्या बाईला कळत नाही. मग मी तेच केलं जे ऑफिसात उड्या मारणाऱ्या आकड्यांचं करते. ही युक्ती माझी नाही, जॉन वॉकर नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९१मध्ये वजनासाठी ती लिहून ठेवली आहे. कालचा सरासरी आकडा घ्यायचा आणि आजच्या फरकाचा फक्त दहावा हिस्सा त्यात मिळवायचा. काल सरासरी ७७.०, आज काटा ७८ म्हणाला, तर वहीत ७७.१ लिहायचं. उद्या काटा ७६.६ म्हणाला तर ७७.०५. रोजची आदळआपट निघून जाते आणि उतार दिसतो. बाई, सरासरी शिकवताना तुम्ही म्हणायचात, हे आयुष्यभर उपयोगी पडेल. आम्ही मागे बसून हसलो होतो.

इथे बारीक असलेल्यांनी फार खूश होऊ नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्याला हे दिसत नाही. आपण भारतीय दिसायला सडसडीत आणि आतून लोण्याचे असू शकतो. त्यामुळे साखर सगळ्यांनीच तपासा.

आता जे सांगायचं म्हणून मी खरं तर उभी राहिले, ते सांगते.

पट्ट्यात एक सोय असते, सलग किती दिवस लक्ष्य पूर्ण झालं ते तो दाखवत राहतो. एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. माझे १४२ दिवस झाले होते. त्या जुलैमध्ये आई इथे घरी, मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, रात्री सोबतीला मी होते. दिवसभर धावपळ झाली तरी रात्री सव्वाअकराला पट्ट्यावर ३,२०० पावलं कमी होती. आईचा डोळा लागला होता. मी हळूच बाहेर आले आणि वॉर्डच्या बाहेरच्या बोळात चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सत्तर पावलं. बारा वाजायला सात मिनिटं असताना मनगट थरथरलं, फटाके उडाले, १४३.

आत गेले तर शेजारच्या खाटेवरच्या आजींची सून आईच्या अंगावर चादर घालत होती. आईला मध्येच लघवीला झालं होतं. तिने मला तीन-चार हाका मारल्या, मी बोळाच्या दुसऱ्या टोकाला होते. शेवटी त्या परक्या मुलीने भांडं दिलं. आईने एवढंच विचारलं, "कुठं गेली होतीस गं?" मी म्हटलं, "पाणी आणायला." माझ्या हातात बाटलीसुद्धा नव्हती.

आमच्या धंद्यात हे मी शंभरदा पाहिलंय. एखाद्या टीमला सांगा की महिन्याला किती चुका दुरुस्त केल्या यावर बढती, की लगेच बारीकसारीक चुका ढिगाने सापडायला लागतात आणि मोठी चूक तशीच राहते. लोक लबाड नसतात, आकड्यामागे लागलेले असतात. दुसऱ्यांना हे मी व्याख्यान देऊन समजावलंय. स्वतःच्या मनगटावर मला ते पाच महिने दिसलं नाही.

पट्टा काढून ड्रॉवरमध्ये टाकला. त्यानंतर काय झालं तेही खरं सांगते, वजन परत वाढलं. पाच किलो उतरलं होतं, त्यातलं तीन दिवाळीपर्यंत परत आलं. म्हणजे पट्टा वाईट आणि पट्टा टाकला की सुख, असं काही झालं नाही.

पट्टा परत बांधला तो आईमुळे. फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला वॉकर घेऊन सोप्यात दहा फेऱ्या सांगितल्या होत्या. आई फेऱ्या विसरायची, म्हणून तिने दोन वाट्या घेतल्या आणि एकीत दहा चिंचोके टाकले. एक फेरी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मी एका शनिवारी गेले तेव्हा बघत बसले. सहा झाल्यावर तिचा पाय भरून आला. तिने झालेले सहा उचलून परत पहिल्या वाटीत टाकले आणि म्हणाली, "उद्या बघू." मी विचारलं, "मग उद्या चौदा का?" ती म्हणाली, "चौदा कशाला? उद्याच्या दहा." मी त्या दिवशी तिला बोळातल्या चालण्याचं सांगून टाकलं. ती रागावली नाही. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्या पट्ट्याला कळतं कसं.

घरी येऊन मी पट्ट्यातल्या सलग दिवसांचं मोजणं बंद केलं, कॅलरीचा आकडा पडद्यावरून काढला, लक्ष्य ७,५०० केलं. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१६मध्ये छापलेला एक दोन वर्षांचा प्रयोग त्याच सुमारास वाचनात आला. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सगळ्यांना होतं, निम्म्यांना शिवाय दंडावर बांधायचं यंत्र दिलं होतं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं आणि बिनयंत्रवाल्यांचं ५.९. असं का झालं यावर मतं वेगवेगळी आहेत, मला माझा वडापाव आठवला. तेव्हापासून खाण्याचा हिशोब पट्ट्याकडे नाही. भात निम्मा, संध्याकाळचं बिस्किट बंद, डाळ-उसळ रोज, आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं. माझं वजन मुख्यतः त्यानेच उतरलं. पट्ट्याने मला रोज दाराबाहेर काढलं, एवढं श्रेय त्याचं, आणि ते कमी नाही.

आता संध्याकाळी सातला मी चालायला निघते आणि आईला फोन लावते. ती सोप्यात, मी पुण्यात, दोघी चालतो. "किती झाली?" ती विचारते. मी म्हणते सहा हजार, ती म्हणते सात चिंचोके. कधी ती जिंकते. तीन आठवड्यांपूर्वीची माझी सरासरी ६८.५, साखर ५.६. मधल्या वर्षात सहा महिने काटा अजिबात हलला नाही, तेही लिहून ठेवा.

उद्या सकाळी सहाला प्रीतिसंगमावर चालायला यायचं ठरलं आहे. गुडघेवाल्यांनी समाधीपाशी बाकावर थांबलं तरी चालेल, चहाचा थर्मास तिथेच असणार आहे. पीटीच्या सरांनी शिट्टी आणायचं कबूल केलंय. आणि सर, उद्या माझ्या पोटात दुखणार नाही.