ठोके मोजणारी पेटी

(अभियंता-उद्योजकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)

व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसून एव्हाना मोबाइलवर साइटचे फोटो बघू लागलेले मित्रहो,

अध्यक्षाने देशाच्या भवितव्याबद्दल बोलावं अशी रीत आहे. आजचा अध्यक्ष बिलांबद्दल बोलणार आहे. ड्रॉइंग, डिझाइन, उभारणी, तपासणी, सल्ला असा अभियांत्रिकी सेवेचा धंदा जेव्हा बसतो, तेव्हा आकडेमोड सहसा चुकलेली नसते. वेल्डिंग पास झालेलं असतं, मशीन चालू असतं, गिऱ्हाइकाच्या कारखान्यात पेढेही वाटून झालेले असतात. अडलेलं असतं ते पेमेंट. आणि त्या अडण्याचं मूळ शोधत गेलं तर बहुतेक वेळा पहिल्या कोटेशनपर्यंत जावं लागतं. नेमकं काय विकलं, हे तिथे लिहिलेलंच नसतं.

चाकणचं नेहमीचं चित्र घ्या. आठ-दहा वर्षं नोकरी केलेला डिझायनर बाहेर पडतो. जवळ एक चांगला कॉम्प्युटर, हप्त्यावर घेतलेलं कॅडचं लायसन्स आणि जुन्या साहेबांची ओळख. फिक्स्चरच्या डिझाइनचं पहिलं काम मिळतं. तो तास मोजतो, तासाला दर लावतो, बेरीज करतो आणि वर ओळखीची सूट देतो. चौथ्या रिव्हिजनला बेरीज संपते. सातव्या रिव्हिजनला तिकडून आवाज येतो, ‘‘अहो, जरा एवढं बदलून द्या ना, पाच मिनिटांचं तर काम आहे.’’ तास विकले की असंच होतं. समोरच्याला तास दिसत नाहीत, त्याला पाच मिनिटंच दिसतात.

मग विकायचं काय? या प्रश्नाचं सर्वांत धीट उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी बर्मिंगहॅममध्ये दिलं गेलं. जेम्स वॉटचं नाव शाळेच्या पुस्तकात किटलीपाशी येतं आणि तिथेच थांबतं. किटली जरा बाजूला ठेवू. १७७५ साली वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांची भागीदारी झाली, तेव्हा अख्खं वाफेचं इंजिन घडवील असा कारखाना त्यांच्याकडे नव्हता. त्यांची सोहो फाउंड्री उभी राहिली ती तब्बल वीस वर्षांनी. तोवर सिलिंडर यायचा जॉन विल्किन्सनकडून. बाकीचे बरेचसे भाग आणि बांधकाम खाणमालकाने आपल्या खर्चाने करून घ्यायचं. बोल्टन-वॉटकडून यायची ड्रॉइंगं, झडपांसारखे नाजूक भाग आणि इंजिन उभं करून देणारा माणूस. कारखानदार म्हणून गाजलेली ही जोडी पहिली वीस वर्षं खरं तर सेवाच विकत होती.

या सेवेचं मोल त्यांनी कसं लावलं, ते ऐकण्यासारखं आहे. तितकंच काम करणाऱ्या जुन्या न्यूकोमेन इंजिनाला लागला असता त्यापेक्षा जेवढा कोळसा कमी लागेल, त्या बचतीच्या किमतीचा एक-तृतीयांश हिस्सा दर वर्षी, वॉटच्या कंडेन्सरचं पेटंट असेपर्यंत. ड्रॉइंगला किती दिवस लागले, याचा उल्लेखही नाही. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींना हा सौदा पटला, कारण तिथे कोळसा निघत नाही, तो वेल्समधून गलबतांनी आणावा लागायचा. जिथे कोळसा खाणीच्या तोंडाशीच पडलेला होता, तिथल्या मालकांना जुनंच इंजिन पुरत होतं. आपल्या सेवेची किंमत आपल्या हुशारीइतकीच समोरच्याच्या खर्चावर ठरते, हे वॉटला कोळशाच्या भाड्याने शिकवलं.

पण वाचलेला कोळसा मोजायचा कसा? न जळलेल्या कोळशाचा ढीग कुणाला दाखवता येत नाही. तेव्हा इंजिनाच्या तुळईवर ठोके मोजणारी एक पेटी बसवली गेली. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली बोल्टन-वॉटकडे. ठोक्यांवरून काम, कामावरून बचत, बचतीवरून बिल. वॉटच्या सगळ्या शोधांत ही पेटी सर्वांत कमी मिरवली गेली. धंद्याच्या दृष्टीने मात्र कंडेन्सरच्या खालोखाल तिचाच नंबर लागावा.

तरीही पैसे अडले! इंजिन नवं होतं तोवर मालकाला वाचलेला कोळसा दिसत होता. दहा-बारा वर्षांनी फक्त हप्ता दिसू लागला. १७९०च्या दशकात कॉर्नवॉलच्या खाणमालकांनी रकमा थकवल्या, पेटंटच खोटं ठरवायला निघाले. कोर्टकचेऱ्या १७९९ पर्यंत चालल्या, निकाल बोल्टन-वॉटच्या बाजूने लागला, आणि १८०० साली पेटंटची मुदतच संपली. वसुलीला कंटाळलेल्या तरुणांनी एवढं तरी समाधान मानावं की आपण फार मोठ्या माणसाच्या पंक्तीला बसलो आहोत.

आपल्याकडे या विषयात एक संकोच असतो. दर वर्षी १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालताना तो वाढतो. खडकवासल्याला १९०३ साली बसवलेली स्वयंचलित दारं त्यांच्या डोक्यातून आली; त्यांचं पेटंट होतं, आणि स्वामित्वधन त्यांनी नाकारलं. का, तर हे काम सरकारी नोकरीत असताना झालं होतं, पगार मिळत होता. गोष्टीचा पहिला भागच आपण उचलला. ज्याला पगार नाही, ज्याच्या ऑफिसचं भाडं एक तारखेला जातं, त्याने ‘‘राहू द्या हो, दोन ड्रॉइंगांचे काय पैसे घ्यायचे’’ म्हणणं हा विश्वेश्वरय्यांचा आदर्श नव्हे.

मोल जबाबदारीचं असतं, हे मुंबईत दोन डॅनिश अभियंत्यांना युद्धाने शिकवलं. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टूब्रो सिमेंटची यंत्रं पुरवणाऱ्या एका डॅनिश कंपनीसाठी भारतात आले होते. १९३८ साली त्यांनी स्वतःची भागीदारी काढली. ऑफिस इतकं चिंचोळं, की एका वेळी एकालाच बसता यायचं. धंदा साधा होता: डेन्मार्कहून दुग्धव्यवसायाची यंत्रं आणायची आणि इथे विकायची. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतलं आणि माल येणंच थांबलं. विकायला काही उरलं नाही. उरलं ते यंत्राचं ज्ञान. मग लहानशा वर्कशॉपमध्ये यंत्रं बनवणं सुरू झालं, जहाजांच्या दुरुस्त्या घेतल्या. त्याच सुमारास टाटांचा सोडा ॲश प्रकल्प उभारायला आलेले जर्मन अभियंते युद्धामुळे नजरकैदेत गेले. यंत्रसामग्री पडून, आणि ती उभी करणार कोण हा प्रश्न. ते काम लार्सन आणि टूब्रो यांनी अंगावर घेतलं. टाटांना तेव्हा हवं होतं ते ‘‘हे आता आमच्यावर सोडा’’ असं म्हणणारं कुणीतरी. १९४४ मध्ये बांधकामासाठी वेगळी कंपनी निघाली, १९४६ मध्ये भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड झाली. पुढचं सर्वांना माहीत आहे.

एकट्याने सगळं येत नाही, हेही मान्य करायला हवं. सोलापूरचे वालचंद हिराचंद घरच्या पेढीतून आलेले. बांधकाम त्यांना ठाऊक नव्हतं. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना रेल्वेच्या कामांची खडान्‌खडा माहिती होती, भांडवल नव्हतं. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या छोट्याशा मार्गाच्या कामाने या जोडीची सुरुवात झाली. तिथून भोर घाटातले बोगदे आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. आज दोन इंजिनीअर मित्र भागीदारी करतात तेव्हा बहुधा दोघेही फाटक असतात. रात्री बारापर्यंत मॉडेल फिरवायला दोघे तयार, बँकेत जायला कुणीच नाही.

पुण्याच्या केपीआयटीची गंमत याच्या उलट आहे. गाड्यांच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी ही कंपनी १९९० साली निघाली ती कीर्तने-पंडित या चार्टर्ड अकाउंटंट फर्मच्या मुळातून. नावातली पहिली दोन अक्षरं तिथलीच. रवी पंडित आणि किशोर पाटील, दोघेही हिशेबाच्या शिक्षणातले. पुढे एंटरप्राइज सॉफ्टवेअरचा मोठा धंदा बिर्लासॉफ्टकडे गेला आणि २०१९ पासून केपीआयटीने फक्त वाहनउद्योगावर लक्ष ठेवलं. मिळेल ते काम घेणाऱ्या आपल्या मंडळींना चालता धंदा असा हातातून सोडणं वेडेपणाचं वाटेल. पण गिऱ्हाईक कुणाच्या तरी भरवशावर रात्री झोपणार असेल, तर त्याला दहा कामं करणारा चालत नाही.

आता थोडं रोकड्याचं. दहा लाखांचं बिल दिलं की त्यावर १८ टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार जीएसटी लागतो. दर महिन्याला विवरण भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत सरकारजमा करावा लागतो, गिऱ्हाइकाने दमडी दिलेली नसली तरी. कारखानदाराला मालाच्या खरेदीवरचं क्रेडिट मिळतं. सेवावाल्याची खरेदी म्हणजे पगार, आणि पगारावर क्रेडिट नाही. म्हणून नव्वद दिवसांच्या उधारीवर वाढणारी सेवा कंपनी जितकी वाढते तितकी भिकेला लागते.

यावर कायदा आहे, आणि तो पुष्कळांनी वाचलेला नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत चालत नाही. करारच नसेल तर पंधरा दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीने. सेवा देणाऱ्यालाही हे लागू आहे, मात्र उद्यम नोंदणी आधी केलेली हवी. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही चिमटा आला: सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजावटीला मिळत नाही. मोठ्या गिऱ्हाइकावर दावा लावायला कुणी धजत नाही, ही तक्रार खरी आहे. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदतीची तारीख छापायला धाडस लागत नाही. तिकडच्या अकाउंट्सवाल्याला मार्चमध्ये ती ओळ बरोबर दिसते.

आणि कोटेशनमध्ये पेटी बसवा. किती रिव्हिजन किमतीत धरल्या, काम पूर्ण झालं हे कुठल्या चाचणीने आणि कुणाच्या सहीने ठरणार, गिऱ्हाइकाकडून माहिती उशिरा आली तर तारीख कुणाच्या खात्यावर सरकणार. फिक्स्चरमुळे सायकल टाइम घटणार असेल तर आधीचा सायकल टाइम मोजून, त्याच्या सहीने कागदावर घ्या. काम झाल्यावर तो कुणालाच आठवत नाही.

दुपारच्या सत्रात करारांचे नमुने घेऊन दोन वकील आणि एक चार्टर्ड अकाउंटंट बसणार आहेत. प्रत्येकाने आपलं सर्वांत जुनं थकलेलं बिल आणि त्याचं मूळ कोटेशन सोबत न्यावं. ऑफिसातून व्हॉट्सॲपवर मागवायला जेवणाची सुट्टी पुरेल.